गोजरबाईच्या एकेचाळीस डब्या

टेंभुर्णीच्या बाजारात गोजरबाईशी घासाघीस करून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि बसलीच तर माशीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, असा बाईचा खाक्या. बांगड्या-मणी विकणारा मणियार तिला लांबून येताना पाहायचा आणि पाणी प्यायला उठायचा. पण एक गोष्ट तिचे वैरीही कबूल करत, आणि वैरी काही कमी नव्हते. मण्यांच्या कामात तिचा हात धरणारी बाई आसपासच्या दहा गावांत नव्हती.

लग्नात मुलीकडचे रुखवत मांडतात, त्यात लागणारं दारावरचं तोरण, मण्यांचा पोपट, मण्यांचं कमळ, ताटावरचं झाकण, असं सगळं ती करून द्यायची. मांडवात त्यावर नवरीच्या नावाची चिठ्ठी लागायची, की हे अमुक हिनं स्वतःच्या हातानं केलं. नवरीला सुईत दोरा ओवता येत नसायचा, हे सगळ्या गावाला माहीत. गोजरबाई ती चिठ्ठी मुद्दाम कोणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्यायची आणि नवरीच्या आईकडे बघून हसायची. ते हसणं फार वाईट होतं. तरी पुढच्या लग्नाच्या वेळी बाया पुन्हा तिच्याच दारात, कारण अडला हरी.

मण्यांना तिनं जेवढा जीव लावला त्याच्या निम्मा माणसांना लावला असता तर गावानं तिला डोक्यावर घेतलं असतं. गावात एक फोटोवाला होता. त्याच्याकडून रोलच्या रिकाम्या काळ्या डब्या ती मागून आणायची, मागून म्हणजे हक्कानं. अशा एकेचाळीस डब्या तिनं पत्र्याच्या ट्रंकेत ओळीनं लावल्या होत्या आणि प्रत्येकीत एकच रंग. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक झाकणावर बाभळीच्या डिंकानं त्या रंगाचा एक मणी चिकटवलेला. दुकानदाराला रंग माहीत चार-सहा. गोजरबाईला नुसते हिरवेच नऊ माहीत होते. जोंधळ्याच्या कोवळ्या पानाचा वेगळा, जुन्या पानाचा वेगळा, राघूचा वेगळा, कच्च्या लिंबाचा वेगळा, शेवाळाचा वेगळा. तांबड्यात डाळिंबाचा दाणा निराळा आणि डाळिंबाची साल निराळी. एका डबीतला मणी दुसरीत गेला तर तिला घास गोड लागायचा नाही. मणी कुठला, कोणाच्या कामातून उरलेला, कोणाचा सांडलेला, हे मात्र तिनं कधी पाहिलं नाही. रंग पाहायचा आणि डबीत टाकायचा. डबीत गेला की तो तिचा.

भिंतीपलीकडे सगुणाबाई राहायची, तिची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, थोरला बद्रीनाथ आणि धाकटा मच्छिंद्र. अंगण मुळात एक, पण त्याच्या मधोमध छातीएवढी मातीची भिंत घातलेली. आड तेवढा दोघींत एक राहिला, कारण आड काही कापून वाटता येत नाही. अकरा वर्षं या दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. बोलल्या नव्हत्या म्हणजे गप्प होत्या असं कोणी समजू नये. गोजरबाई आपल्या शेळीशी बोलायची आणि सगुणाबाई आपल्या म्हशीशी, आणि जिला जे लागायचं ते भिंतीपलीकडे बराबर लागायचं. “खाय बाई खाय,” गोजरबाई शेळीला म्हणायची, “तू जनावर हायस, पण कोनावर खोटा आळ तरी घेत न्हाईस.” मग पलीकडे म्हशीला ऐकवलं जायचं, की गळ्यात घंटा बांधली म्हणून चोराचं पाऊल काही देवळाकडं वळत न्हाई.

हे वैर पडलं तेसुद्धा मण्यांवरूनच.

सन चौऱ्याऐंशीमध्ये भाऊ वेगळे निघाले. सगुणाबाईकडे माहेराहून आलेलं एक तोरण होतं, तिच्या मेलेल्या आईच्या हातचं. तोरणात मोर होता आणि मोराचे मणी काचेचे, तिच्या बापानं हैदराबादेहून आणलेले. दोरा कुजला आणि मोर सुटला, तेव्हा तिनं ते मणी रुमालात बांधून माजघरातल्या धान्याच्या कणगीवर ठेवले, सवडीनं पुन्हा ओवू म्हणून. वाटणीच्या दिवशी कणग्या हलल्या, भांडी हलली, उखळ-मुसळसुद्धा हललं. संध्याकाळी सगुणाबाईनं हात घालून पाहिला तर रुमाल नाही. घरात मण्यांचं वेड एकीलाच होतं. सगुणाबाईनं सरळ तिचं नाव घेतलं.

“ट्रंक उघडून दाखवा,” ती थोरल्या जावेला म्हणाली. “नसतील तर म्या पाय धरीन तुमचे.”

गोजरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं रुमाल पाहिला नव्हता, घेतला नव्हता, आणि हे ती मनापासून सांगत होती. दुसरी कोणी असती तर ट्रंक उघडून मोकळी झाली असती. पण ही गोजरबाई. “मपल्या डब्यांना कोनी हात लावायचा न्हाई,” ती म्हणाली. “खंडोबापुढं बेलभंडारा उचलीन, पर झडती देनार न्हाई.”

तंटा मिटेना झाला की देवापुढचा बेल आणि भंडारा हातात घेऊन शपथ घ्यायची, ही तिकडची जुनी रीत. रामकिसन म्हणून गावातले एक वजनदार गृहस्थ होते, त्यांनी चार माणसं जमवली. गोजरबाईनं भरल्या देवळात बेलभंडारा उचलला. “सगुनाच्या मन्यांतला येक मनी जरी मपल्या घरात असंल,” ती म्हणाली, “तर मपल्या घराचं वाटोळं व्हईल.” शपथेला सव्वा महिन्याची मुदत. त्या मुदतीत शपथ घेणाऱ्याच्या घरी काही वाईट झालं तर शपथ खोटी, आणि आळ घेणाऱ्याच्या घरी झालं तर आळ खोटा. झालं, गावाला सव्वा महिन्याची करमणूक मिळाली.

त्या दिवसांत गोजरबाईनं पोराला झाडावर चढू दिलं नाही, बद्रीनाथला विहिरीत उतरू दिलं नाही आणि दूध तापताना चुलीपुढून उठली नाही. आपण खरं बोललो याची तिला बिलकुल शंका नव्हती. पण देवाचा काय भरवसा, त्याचे कान कोणी भरले असले तर?

एकोणिसाव्या दिवशी ताप आला तो सगुणाबाईच्या मुलाला. दहा महिन्यांचं लेकरू, बेबीनंदा नावाच्या मुलीच्या पाठीवर कितीतरी वर्षांनी झालेलं. भिंत तेव्हा कंबरेएवढीच झाली होती. गोजरबाईनं पलीकडे पाहिलं. लेकरू आईच्या मांडीवर मान टाकून पडलेलं, डोळे अर्धे मिटलेले, छाती भात्यासारखी हलणारी. मच्छिंद्र जाफ्राबादच्या डॉक्टरकडे न्यायला बैलगाडी जुंपत होता. गोजरबाई आडावरच्या बायांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, “आळ उलटला. आधी देवापुढं नाक घासा म्हनावं, मंग डाक्तर.”

एकीनं ते दुसरीला सांगितलं आणि दुसरीनं घरात जाऊन सगुणाबाईला. सगळ्यांना पटलं. मच्छिंद्रलाही पटलं. गाडी सुटली ती देवळाच्या रस्त्याला लागली. दोन दिवस उतारे झाले. सगुणाबाई ओल्या लुगड्यानं देवाभोवती फिरली, आळ मागं घेते, माझं चुकलं, असं चार माणसांत म्हणाली. तिसऱ्या दिवशी लेकरू गेलं.

गोजरबाईला वाईट वाटलं का? वाटलं असेल. पण सगळ्यात आधी जे वाटलं ते हे, की आपण सुटलो. आडावर ती बायांना म्हणाली, “देवानं दाखवलं.” आणि घागर भरून घरी आली. त्या दिवसापासून गावानं सगुणाबाईचं नाव ‘आळ घेणारी’ असं पाडून टाकलं. हळदीकुंकवाला गेली तर बाया आपापली वस्तू जवळ ओढून बसायच्या, न जाणो हरवली तर आपलं नाव घेईल. बेबीनंदा मोठी झाली. दोन स्थळं सुपारीपर्यंत येऊन माघारी गेली. आईच्या जिभेनं सख्खा भाऊ खाल्ला, अशा घरची मुलगी कोण करणार? हे सगळं गोजरबाईच्या कानावर यायचं आणि ती ते कानात साठवून ठेवायची. खोटं कशाला सांगा, तिला ते गोड लागायचं.

पंच्याण्णव साली बेबीनंदाचं लग्न जमलं, घनसावंगीकडच्या गावात. लांबचं म्हणूनच जमलं. एका दुपारी, आई शेतात गेली असं पाहून, ती पोरगी भिंतीला वळसा घालून गोजरबाईच्या ओसरीवर आली. गोजरबाई तंगूस, म्हणजे मणी ओवायचा नायलॉनचा दोरा, दातात धरून एका पोपटाची चोच ओवत होती.

“मोठी माय,” पोरगी म्हणाली, “मला येक तोरन करून देता का? मायला सांगितलं न्हाई म्या. सगळ्या पोरींच्या रुखवतात तुमच्या हातचं असतं. मपल्याच न्हाई राहनार.”

आता ऐका. गोजरबाईला आतून बरं वाटलं. एवढी वर्षं झाली, भिंतीपलीकडचं कोणी तिच्या पायरीवर चढलं नव्हतं. पोरगी दिसायला आजीवर, म्हणजे गोजरबाईच्या सासूवर गेली होती, तशीच रुंद कपाळाची. हो म्हणायला काय लागत होतं? पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

“आळ घेनारीच्या दाराला तोरन काहून पायजे?” ती म्हणाली. “त्यातला येक मनी पडला तर तुझी माय पुन्हा मपलं नाव घेईल. आन् ह्या टायमाला उलटायला तुमच्या घरी लेकरू बी न्हाई.”

हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि गोजरबाईला ते ओढून परत घ्यावंसं वाटलं.  पोरगी उठली, पदर सावरला आणि गेली. पोपटाची चोच त्या दिवशी वाकडीच झाली, दोनदा सोडली तरी वाकडीच.

सगुणाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती भिंतीच्या या बाजूला आली होती. तिनं शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. सरळ माजघरात शिरली, ट्रंक उचलून अंगणात आणली आणि चुलीतल्या राखेच्या ढिगाशेजारी ठेवली. मग एकेक डबी घ्यायची, झाकण काढायचं, राखेत उलटी करायची. एकेचाळीस डब्या रिकाम्या करायला वेळ लागतो. गोजरबाईनं तेवढ्यात दहादा तिचा हात धरला असता. पण आदल्या दिवशीचं आपलं वाक्य तिच्या कानात वाजत होतं आणि पाय उंबऱ्यातून हलेनात. शेवटची डबी रिती झाल्यावर सगुणाबाईनं दोन्ही हात कोपरापर्यंत राखेत घातले, पीठ मळतात तसं सगळं एक केलं, आणि हात झटकून निघून गेली.

बघायला गल्ली जमली. हात लावायला कोणी पुढे आलं नाही. ज्यांच्या घरात गोजरबाईची तोरणं लटकत होती त्या बायासुद्धा भिंतीशी टेकून, तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, आणि पदराआड काय चाललं होतं ते गोजरबाईला पक्कं ठाऊक होतं. तिनं सगळ्यांना एकदमच शिव्या दिल्या, कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. मग सुपात राख भरभरून पाखडायला बसली. दोन दिवस पाखडलं. बरीचशी राख उडून गेली, तरी मण्यांवर पुटं राहिलीच. राखाडलेल्या मण्यांत राघू कोणता आणि शेवाळ कोणतं, देवाला कळलं नसतं. धुतल्याशिवाय रंगानं लावणं शक्य नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिनं मोठी परात घेतली, मणी ओतले, वर पाणी घातलं आणि तांदूळ रोळतात तसं रोळायला बसली. परात जराशी कलती धरायची, गोल फिरवायची. हलकं ते पाण्याबरोबर काठावरून खालच्या पातेल्यात जातं आणि जड खडे तळाला मागे राहतात. हात सवयीनं चालत होते. राखेतले बारीक खडे निघतील, एवढीच तिची कल्पना. प्लास्टिकचे मणी रंगीत पाण्यासारखे वळून वळून पातेल्यात पडत गेले. शेवटी परातीच्या तळाशी खडे राहिले, थोडी वाळू राहिली, आणि मूठभर मणी राहिले जे काही केल्या काठावर चढेनात.

तिनं परात उन्हात ओढली. मोरपंखी मणी. अंगात उजेड शिरावा असे, आतून पांढरी रेघ असलेले. तिनं एक मणी दातावर वाजवून पाहिला.

काच.

गोजरबाईनं जन्मात काचेचा मणी विकत घेतला नव्हता. ती नेहमी प्लास्टिकच घ्यायची, आणि ते आणून देताना मणियाराचा जीव घ्यायची. ती परातीपुढे बसून राहिली आणि एकेक गोष्ट तिला आठवत गेली. मोरपंखी रंगाच्या डबीच्या तळाला काही मणी होते, त्यांची भोकं बारीक, तंगूस आत जायचा नाही. दर वेळी ती मणियाराच्या नावानं खडे फोडायची, माल खराब येऊन राह्यला म्हणायची, आणि ते मणी डबीत परत टाकायची. त्याच्याही मागचं आठवलं. वाटणीचा दिवस. कणगी हलवली तेव्हा मागे भिंतीशी धुळीनं माखलेले सुटे मणी पडलेले होते, शेजारी उंदरांनी कुरतडलेल्या चिंध्या. तिथं बसूनच ती एरवी ओवायची, तिचेच मणी तिथं रोज सांडायचे. तिनं ते सुपात भरले आणि त्याच दुपारी रंग बघून डब्यांत टाकले. रुमाल तिनं खरंच पाहिला नव्हता. रुमाल उंदरांनी खाल्ला होता.

म्हणजे सगुणाचे मणी या घरात होते. एक नव्हे, मूठभर होते. बेलभंडारा हातात घेऊन ती उभी होती तेव्हा ते ट्रंकेत होते, तिच्या स्वतःच्या हातानं लावलेले, रंगानं जुळवलेले.

संध्याकाळी तिनं बद्रीनाथला परात दाखवली. बद्रीनाथ शांत माणूस, बायकोपुढं शांत राहण्यातच त्याची उमर गेली होती. त्यानं मणी पाहिले, बायकोकडे पाहिलं.

“तवा डबी उघडून पाह्यली असती तर?” तो म्हणाला.

“पाह्यली न्हाई.”

“मंग आता बी नको पाहू. आडात टाक आन् चुप बस. कोनाला म्हाईत हाय? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ मपली न्हाई,” गोजरबाई म्हणाली. “तिची हाय.”

असं बोलून ती काही लगेच उठली नाही. चार दिवस तिनं ते मणी वाटीत घालून, वर ताटली ठेवून, पिठाच्या डब्यामागं लपवले. एकदा आडापर्यंत जाऊन आली. मनात म्हणायची, मी कुठं चोरी केली? नकळत झालं. ते खरंच होतं, आणि त्यावर ती कितीही वेळ गोल फिरत राहिली असती. पण तिला राहून राहून भिंत कंबरेएवढी असतानाचा तो दिवस दिसायचा, आणि तो दिवस नकळत नव्हता. आयुष्यभर तिनं एकाच गोष्टीचा ताठा मिरवला होता, की गोजरबाई तोंडानं वाईट असेल पण खोटी नाही. आता एवढ्यावरही पाणी सोडायचं तर मग उरत काय होतं? नुसती तोंडानं वाईट बाई.

लग्न चार दिवसांवर आलेलं. रविवारी सकाळी खंडोबाच्या देवळात माणसं असतात. गोजरबाईनं वाटी घेतली आणि रामकिसनच्या दारात जाऊन उभी राहिली. त्यांचं आता वय झालं होतं, कानानं कमी ऐकू यायचं. “मच्छिंद्रच्या घरच्यांना देवळात बोलवा,” ती म्हणाली. “आन् तवा जी मानसं व्हती, त्यातली जी जित्ती हायेत ती बी.”

सगुणाबाई आली. येणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं. सोबत मच्छिंद्र, मागे बेबीनंदा, हाताला लग्नाचा हिरवा चुडा भरायचा अजून बाकी. पंधरा-वीस माणसं जमली. गोजरबाईनं वाटी देवाच्या पायरीवर ठेवली, ताटली काढली.

“हे सगुनाच्या मायचे मनी,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, बाजारातला. “मपल्या डबीत व्हते. कनगीमागं पडलेले म्या मपले समजून उचलले. चोरले न्हाई, पर व्हते मपल्याच घरात. म्या उचलला त्यो बेलभंडारा खोटा व्हता. तिनं घेतलेला आळ खोटा न्हवता.”

सगुणाबाई वाकली. एक मणी उचलून तिनं बोटांत फिरवला, उजेडाकडे धरला. “मायचेच हायेत,” एवढंच म्हणाली.

देवळात कुजबूज झाली. रामकिसननं शेजारच्याकडून सगळं पुन्हा कानात ऐकून घेतलं आणि घसा साफ केला. “नकळत झालं, बाई,” ते म्हणाले. “देव काय येवढा कोता न्हाई. तुझा बी दोष न्हाई, तिचा बी न्हाई. पोरीचं लगीन तोंडावर हाय. मिटलं समजा.” माना डोलल्या. मिटलं, मिटलं, असं दोघं-तिघं म्हणाले. एकदा गावाला मिटवायची घाई झाली की गाव फार गोड बोलतं. दोघं तर वहाणा घालायलाही निघाले.

“मंग मपलं लेकरू कशानं गेलं?” सगुणाबाईनं विचारलं.

वहाणा घालणारे थांबले. अकरा वर्षं गावानं एकच हिशेब धरला होता, की आळ खोटा म्हणून लेकरू गेलं. आता आळ खरा निघाला होता. त्या हिशेबानं देवाला मारायचंच होतं तर गोजरबाईचं पोर मारायला हवं होतं, ते तर जालन्याला कारखान्यात धडधाकट नोकरी करत होतं. रामकिसन देवाकडे बघायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, की देवाची करणी, आपल्याला काय कळतं त्यातलं.

“तापानं गेलं,” गोजरबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती मात्र सगुणाबाईकडे बघत होती, सरळ, मध्ये शेळी नाही की भिंत नाही.

“तापानं गेलं, सगुना. देवानं न्हाई नेलं. म्या भिंतीवरून पाह्यलं व्हतं त्याला. छाती कशी उडून राह्यली व्हती ते पाह्यलं. मच्छिंद्रभाऊजी गाडी जुंपून राह्यले व्हते. म्या आडावर बोलले नसते तर दुपारपर्यंत जाफ्राबादला पोचलं असतं.”  तिला शब्दांची टंचाई कधी पडली नव्हती, आज पडली. “कदाचित जगलं असतं.”

मच्छिंद्र मटकन पायरीवर बसला. गाडी त्यानंच वळवली होती.

“तुमाला हे तवा बी म्हाईत व्हतं?” सगुणाबाईनं विचारलं. तिनं थोरल्या जावेला अजूनही ‘तुम्ही’च म्हटलं, आणि ते शिवीपेक्षा वाईट ऐकू आलं.

गोजरबाईला नाही म्हणता आलं असतं. देवळात एकाही माणसानं तिला खोटं पाडलं नसतं.

“व्हय,” ती म्हणाली. “म्हाईत व्हतं.”

सगुणाबाई रडली नाही. तिनं पदराचा ओचा केला, वाटी त्यात उपडी केली आणि आतला शेवटचा मणी बोटानं पुसून घेतला. मग वाटी गोजरबाईपुढे धरली. त्या भागात शेजारणीचं भांडं कोणी रिकामं परत करत नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, साखर नसली तर मीठ, अगदी भांडण झालेलं असलं तरीही. सगुणाबाईनं रिकामी वाटी थोरल्या जावेच्या हातात दिली, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती देवळाच्या पायऱ्या उतरून गेली.